‘अननोन प्लेझर्स’ ऐकताना कान कुठे ठेवावा?

तुमचा प्रश्न असा आहे की, जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा १९७९ सालचा ‘अननोन प्लेझर्स’ हा अल्बम तुम्ही तीन-चार वेळा ऐकलात. त्यात गायकाचा आवाज मागे ढकलल्यासारखा, ड्रम्स पोकळ आणि गिटार अर्धवट वाटली, सगळी गाणी एकाच उदास रंगाची भासली आणि लोक या अल्बमवर एवढा जीव का टाकतात, ते कळले नाही. असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. रॉक संगीत ऐकताना आपण सवयीने आधी गायकाकडे आणि मग गिटारकडे कान लावतो, आणि या अल्बममध्ये गाण्याची चाल बहुतेक वेळा त्या दोन्ही ठिकाणी सापडत नाही, ती बेसमध्ये, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या बेस गिटारमध्ये असते. मी बरीच वर्षे बेस वाजवत आलो आहे आणि ध्वनिमिश्रणाचे कामही करतो. या दोन्ही कामांच्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की, बेसलाच मुख्य गायक मानून ऐकायला सुरुवात करावी आणि बाकीची वाद्ये, अगदी प्रत्यक्ष गायकसुद्धा, त्याच्या साथीला आहेत असे समजावे. एवढा एक बदल केला, की तुम्ही सांगितलेल्या बहुतेक तक्रारींचे उत्तर त्या संगीतातच मिळू लागते.

साधनाचा मुद्दा आधी निकालात काढलेला बरा. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर तिचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा असतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून १०० हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो स्वर ओळखून घेतो, त्यामुळे चाल कळते. पण खर्जाचे वजन आणि छातीला जाणवणारा त्याचा धक्का नाहीसा होतो. म्हणून कान पूर्ण झाकणारा चांगला हेडफोन किंवा बऱ्यापैकी आकाराचे दोन स्पीकर वापरावेत. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि मग बेसचे सगळे स्वर एकसारखे घुमू लागतात. खर्ज वाढवणारे बटणही बंदच असू द्यावे. या अल्बममधला बेस बराचसा वरच्या जागेत वाजतो. ते बटण त्याला पुढे आणण्याऐवजी खालच्या किक ड्रमला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला फुगवते आणि बेसची चाल झाकून टाकते. आवाजाच्या पातळीचाही विचार करावा. आवाज लहान केला, की माणसाच्या कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक क्षीण वाटतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. तेव्हा कानाला त्रास होणार नाही इतपत, पण पार्श्वसंगीतापेक्षा निश्चितच मोठ्या आवाजात आणि हातात दुसरे कोणतेही काम न घेता हा अल्बम ऐकावा. तो जेमतेम ४० मिनिटांचा आहे.

आता मूळ मुद्दा. मँचेस्टर परिसरातल्या या बँडमध्ये इयन कर्टिस गात असे, बर्नार्ड समनर गिटार, पीटर हुक बेस आणि स्टीफन मॉरिस ड्रम्स वाजवत असत. हुक आणि समनर यांनी जून १९७६ मध्ये मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक, म्हणजे वेगवान आणि खडबडीत रॉक वाजवणाऱ्या बँडचा कार्यक्रम पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी हुकने बेस विकत घेतला. बेसवादकाने गिटारच्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मूळ स्वर धरून निमूटपणे खाली चालत राहावे, हा शिरस्ता त्याच्या हाताला लागण्यापूर्वीच तो बँडमध्ये वाजवू लागला होता. सरावाच्या जागेत समनरचा अँप्लिफायर इतका मोठा वाजे, की हुकला स्वतःचे खालचे स्वर ऐकूच येत नसत. हात वर सरकवून बारीक तारांवर वाजवले, तरच तो स्वतःला ऐकू शकत असे. हे काहीतरी वेगळे आणि चांगले वाजते आहे, हे कर्टिसच्या लक्षात आले आणि त्याने हुकला तसेच वाजवायला लावले. हे सगळे हुकने स्वतः अनेकदा सांगितले आहे.

या एका सवयीने बँडमधल्या जागांची सगळी वाटणी बदलून टाकली. बेसची सर्वांत बारीक तार मधोमध, म्हणजे बाराव्या पट्टीवर दाबली, तर सुमारे १९६ हर्ट्झचा स्वर मिळतो. गिटारचा सर्वांत खालचा स्वर ८२ हर्ट्झच्या आसपास असतो. याचा अर्थ असा की, हुक चाल वाजवत असताना तो बहुधा गिटारच्या आणि पुरुषी आवाजाच्या ऐन मधल्या जागेत उभा असतो. समनरला मग दोनच वाटा उरतात: एक तर त्याने गिटार घेऊन बेसच्या खाली उतरायचे आणि जाड, खरखरीत कॉर्ड वाजवायचे, किंवा मधून मधून एखादा फटकारा मारून बाजूला व्हायचे. तो दोन्ही करतो. तुम्हाला गिटार अर्धवट वाटली, त्याचे कारण हेच आहे. ती भरून काढण्यासाठी वाजतच नाही, आणि समनरचा हा संयम मला हुकच्या चालींइतकाच मोलाचा वाटतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बेस एवढा वर वाजत असूनही हा अल्बम ऐकणाऱ्याला जड आणि खोल का वाटतो? तोच १९६ हर्ट्झचा स्वर गिटारच्या मधल्या तारेवर वाजवला तर तो हलका आणि मोकळा वाटतो. बेसच्या लांब, जाड तारेवर मात्र तो भरीव, किंचित दबलेला आणि कष्टाने वर आलेला वाटतो. हुक मिझराबीसारख्या पिकने वाजवतो, त्यामुळे प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला तारेचा कडक टणत्कार ऐकू येतो आणि मग स्वर पसरतो. त्यातच तो अनेकदा बारीक तारेवर चाल वाजवताना शेजारची तार मोकळी सोडून घुमत ठेवतो. त्या घुमणाऱ्या स्थिर स्वरावर चाल चढते-उतरते आणि एकट्या बेसमध्ये सूर आणि चाल असे दोन थर तयार होतात. खाली, जिथे इतर बँडमध्ये बेस असतो, तिथे किक ड्रमखेरीज बरीचशी जागा मोकळी राहते. चालीचे जडत्व आणि तिच्या पायाखालची ती पोकळी यांतून या अल्बमचा काळोख तयार होतो. शब्दांचा नंबर त्यानंतर लागतो.

हे कानाने पडताळून पाहायचे असेल, तर ‘शीज लॉस्ट कंट्रोल’पासून सुरुवात करावी. गाणे ड्रम्सनी उघडते, आणि मॉरिसच्या ठेक्यात इलेक्ट्रॉनिक ड्रमचा एक कोरडा, फुसकारा सोडल्यासारखा आघात ठरावीक जागी पडत राहतो. मग वरच्या जागेतला बेस येतो आणि एक छोटी चाल सांगतो. गिटार त्यानंतर येते आणि बेसच्या खाली उतरून भिंतीसारखी उभी राहते. पहिल्यांदा ऐकताना फक्त बेसच्या मागे जावे आणि तो गुणगुणण्याचा प्रयत्न करावा. तुमच्या लक्षात येईल की, गाणे संपल्यावर जी चाल तोंडात राहते, ती कर्टिसने गायलेली नसून हुकने वाजवलेली असते. दुसऱ्यांदा ऐकताना बेस गृहीत धरावा आणि फक्त गिटार कधी आत येते, कधी जोर धरते आणि कधी गप्प बसते, एवढेच टिपावे. बेस आणि ड्रम्स बदलत नाहीत, म्हणूनच गिटारचा प्रत्येक प्रवेश धक्का देतो. कर्टिस नोकरीशोधकांना मदत करणाऱ्या कार्यालयात काम करत असे; तिथे येणाऱ्या, अपस्माराचे झटके असलेल्या एका तरुणीवरून हे गाणे सुचले, आणि त्याला स्वतःलाही जानेवारी १९७९ मध्ये अपस्माराचे निदान झाले होते. शरीरावरचा ताबा सुटण्याविषयीचे हे गाणे इतक्या काटेकोर, न ढळणाऱ्या ठेक्यावर बांधलेले आहे, ही त्याची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजू आहे, आणि ती शब्द न कळताही पोहोचते.

यानंतर ‘न्यू डॉन फेड्स’ घ्यावे. माझ्या मते संपूर्ण अल्बममधली सर्वांत सुंदर बांधणी या गाण्याची आहे. यात बेसची चाल पायरी पायरीने खाली उतरते आणि त्याच वेळी गिटारची चाल वर चढते. या दोन चाली गाणेभर मुळात बदलत नाहीत, फक्त त्या वाजवण्याचा जोर आणि ढंग बदलतो. एका कानाने उतरती आणि दुसऱ्या कानाने चढती चाल धरण्याचा प्रयत्न केला, की काही आवर्तनांनंतर दोन्हींमधले अंतर ताणल्यासारखे वाटू लागते. त्या ताणात कर्टिस आधी खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि शेवटाकडे तेच वरच्या सप्तकात नेतो. तोवर त्याने आवाज इतका राखून ठेवलेला असतो, की ती उडी ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. चाल तीच, ठेका तोच, स्वरांची सामग्री तीच. तरीही गाण्याच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा माणूस एकच वाटत नाही. एकसुरीपणाची तुमची तक्रार या गाण्यावर लावून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पोकळ ड्रम्सचा मुद्दा मात्र बँडपेक्षा निर्माता मार्टिन हॅनेटकडे जातो. हा अल्बम एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि जूनमध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स या कंपनीने प्रकाशित केला. हॅनेटला प्रत्येक आवाज इतर आवाजांपासून पूर्ण सुटा हवा असे. एका ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये दुसऱ्या ड्रमचा आवाज शिरू नये, यासाठी तो मॉरिसला ड्रम्सचे भाग वेगवेगळे वाजवायला लावी, ज्याने कोणताही ड्रमर कंटाळून जाईल. असा सुटा, कोरडा आवाज हाती आला, की तो त्याला स्वतःच्या मर्जीची खोली देत असे. त्या काळी नुकतेच आलेले, बर्नली इथल्या ए.एम.एस. कंपनीचे डिजिटल डिले हे आवाजाची नक्कल किंचित उशिरा परत वाजवणारे यंत्र वापरणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी तो एक होता. मूळ आवाजाची नक्कल सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत परत आली, तर कान तिला स्वतंत्र प्रतिध्वनी म्हणून ओळखत नाही; मूळ आवाजच जाड झाल्यासारखा आणि कुठल्यातरी कठीण भिंतींच्या जागेत वाजल्यासारखा वाटतो. स्नेअर ड्रमवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर हे केले, की तुम्ही म्हणता तो पोकळपणा येतो. तो मुद्दाम घडवलेला आहे. प्रत्येक ठोक्याभोवती एक रिकामी जागा ऐकू येते आणि ती जागा प्रत्यक्षात कुठेही अस्तित्वात नाही.

‘इनसाइट’मधला कर्टिसचा आवाज हॅनेटने टेलिफोनच्या तारेतून ध्वनिमुद्रित केला, कारण त्याला तो माणूस दूर कुठेतरी हवा होता. स्टुडिओची लिफ्ट, फुटणाऱ्या बाटल्या, उलटी वाजवलेली गिटार हेही या अल्बमच्या सामग्रीत आहे. शेवटच्या ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काच फुटते ती नेमकी अशा शांततेत, जिथे दुसऱ्या कोणत्याही अल्बममध्ये गिटारने जागा भरली असती. हॅनेटच्या या कामावर हुक आणि समनर त्या वेळी नाराज होते. रंगमंचावर त्यांचा बँड मोठा, खडबडीत आणि आक्रमक वाजत असे आणि अल्बममध्ये ती धग हॅनेटने काढून घेतली, असे त्यांना वाटले. हुकने पुढे हॅनेटचे काम चांगले होते, हे मान्य केले. ध्वनिमिश्रण करणारा माणूस म्हणून मी निःशंकपणे हॅनेटच्या बाजूने आहे. धग त्यांच्या कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत भरपूर मिळते आणि ती जरूर ऐकावी, पण ही खोली, हे अंतर आणि वाद्यांमधली ही हवा फक्त इथेच मिळते. शिवाय बेसला चाल सांगायला जी मोकळी जागा लागते, ती हॅनेटने आखून दिली नसती, तर हुकची अर्धी चाल गिटारच्या गोंगाटात बुडाली असती.

आवाज मागे ढकलल्यासारखा वाटतो, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. कर्टिसचा आवाज खर्जातला, भारदस्त आणि बराचसा सपाट आहे. तो आलाप घेत नाही, स्वर आळवत नाही आणि श्रोत्याला जवळ बोलावत नाही. बेस मधल्या जागेत चाल सांगत असल्यामुळे त्याने तसे गाणेच योग्य ठरते, कारण दोघांनी एकाच पट्टीत नटवून गायले असते, तर दोघांचीही ओळख पुसली गेली असती. शब्द समजून घ्यायचे असतील, तर ते आधी वेगळे वाचून काढावेत आणि ऐकताना त्यांचा पाठलाग करू नये.

कर्टिसच्या मृत्यूविषयीही इथे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण त्याने या अल्बमच्या श्रवणाचे पुष्कळ नुकसान केले आहे. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३ व्या वर्षी त्याने आयुष्य संपवले. त्यानंतर हा अल्बम ऐकणारे बहुतेक लोक प्रत्येक ओळीत त्या शेवटाची चाहूल शोधू लागले. परंतु जून १९७९ मध्ये हा अल्बम ज्यांनी विकत घेतला, त्यांच्यासमोर चार जिवंत, विशीतले, महत्त्वाकांक्षी तरुण होते, ज्यांना आपला पहिलाच अल्बम लोकांनी ऐकावा असे वाटत होते. ‘डिसऑर्डर’च्या शेवटी ड्रम्स, बेस आणि गिटार ज्या आवेगाने पुढे धावतात, त्यात जगण्याची प्रचंड ऊर्जा आहे. ती ऐकू आली नाही, तर अल्बम निम्माच ऐकला, असे मी म्हणेन. कर्टिसच्या दुःखाचा आदर जरूर करावा, पण या संगीताकडे पुरावा म्हणून पाहू नये.

गाण्यांचा क्रम मोडू नये. मूळ तबकडीच्या दोन बाजूंना पहिली आणि दुसरी असे न म्हणता ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावे दिलेली होती, प्रत्येक बाजूवर पाच गाणी. ‘डिसऑर्डर’ ते ‘न्यू डॉन फेड्स’ ही पाच गाणी ऐकून थोडे थांबावे, कान निवू द्यावा आणि मग ‘शीज लॉस्ट कंट्रोल’पासून पुढे जावे. दुसऱ्या बाजूवरचे ‘इंटरझोन’ मला सर्वांत कमी आवडते. त्यात मुख्य आवाज हुकचा आहे, वेग पंकचा आहे आणि ते बँडच्या आधीच्या अवतारातून आल्यासारखे वाटते. मात्र त्याच्या लगेच पुढे संथ, जवळजवळ सहा मिनिटांचे ‘आय रिमेंबर नथिंग’ येते आणि त्या धावपळीनंतर त्याची संथता दुप्पट जाणवते, त्यामुळे ‘इंटरझोन’ वगळूही नये. मुखपृष्ठाबद्दल एवढेच सांगतो की, पीटर सॅव्हिल या मांडणीकाराने काळ्या पार्श्वभूमीवर मांडलेल्या त्या पांढऱ्या रेषा म्हणजे १९६७ मध्ये सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या स्पंदांचा आलेख आहे. एकामागून एक स्पंद, सगळे एकाच ठेक्यात आणि तरी एकही दुसऱ्यासारखा नाही. हुकच्या चालींची पुनरावृत्ती अशीच ऐकावी लागते.

हा अल्बम रुजला, की पुढे काय ऐकावे, असेही तुम्ही विचारले आहे. याच बँडचा दुसरा अल्बम ‘क्लोजर’ मार्च १९८० मध्ये लंडनच्या ब्रिटानिया रो स्टुडिओत हॅनेटबरोबरच झाला आणि त्यात सिंथेसायझरला बरीच जास्त जागा आहे. त्याच्या पहिल्या गाण्यात हुक आणि समनर यांनी वाद्ये बदलून घेतली होती. हुक गिटार वाजवतो आणि समनर बेस. तुमचा कान आता हुकच्या बोटांना ओळखू लागला असेल, तर तिथला बेस परका वाटला पाहिजे. द क्युअर या इंग्लिश बँडचा १९८१ चा ‘फेथ’ हा अल्बम त्यानंतर घ्यावा. त्याचे पहिलेच गाणे बेसवर उभे राहते आणि ‘प्रायमरी’ या गाण्यात रॉबर्ट स्मिथ आणि सायमन गॅलप दोघेही बेसच वाजवतात, गिटार नाहीच.

पब्लिक इमेज लिमिटेड या बँडचा नोव्हेंबर १९७९ चा ‘मेटल बॉक्स’ मात्र सर्वांत शेवटी ठेवावा, कारण तिथे बेसची कल्पनाच उलटी आहे. जाह वॉबल हा डब रेगे, म्हणजे खर्जावर उभे असलेले जमैकाचे संगीत ऐकून वाढलेला वादक तळाशी राहून, थोड्याच स्वरांवर, दहा-दहा मिनिटे न हलता उभा राहतो आणि कीथ लेव्हीनची गिटार वर काचेच्या तुकड्यांसारखी विखुरते. तो अल्बम मूळात धातूच्या डब्यात, १२ इंची तीन तबकड्यांवर, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने काढला होता. खालच्या स्वरांना तबकडीवर रुंद खाचा लागतात आणि एका बाजूवर कमी संगीत ठेवले, तरच तेवढी जागा मिळते. त्या बँडने एका अल्बमचे संगीत सहा बाजूंवर पसरले, ते या बेसला पुरेशी जागा मिळावी म्हणून. हुकचा बेस लहान स्पीकरवर थोडाफार तरी तग धरतो. वॉबलचा अजिबात धरत नाही, तेव्हा तो अल्बम चांगल्या, मोठ्या स्पीकरांवरच ऐकावा.